गिबनच्या दारातला भोंगा

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला त्याचा राग नव्हता. आवाजच तसा होता. पलीकडच्या फाटकावरच्या माणसाला फोन करायची गरज त्याला कधी पडली नाही. तो गिबन सांभाळायचा. पूर्वीच्या एका जोडीचं ऐकून ऐकून त्याने त्यांचं गाणंही उचललं होतं. आधी ‘हू-हू’ अशी हलकी हूक, मग चढत चढत वर, आणि शेवटी अशी किंकाळी, की तिकिटाच्या रांगेतली पोरं आईच्या कमरेला मिठी मारत.

गिबन म्हणजे बिनशेपटीची, लांब हातांची वानरं. आशियातल्या जंगलांत आता फार थोडी उरली आहेत. नर-मादीचं सूत जुळलं की दोघं सकाळी जोडीने गातात, आणि ते आसपास सगळ्यांना ऐकू जातं. संसार थाटल्याची दवंडीच म्हणा ना.

छकुलीला भोंग्यानेच वाढवलं होतं. आईने टाकलेलं ते एवढंसं पिल्लू त्याने बाटलीने दूध पाजून जगवलं. आता ती मोठी झाली होती. तिच्यासाठी बाहेरून एक नर आणला होता, त्याला सगळे नवरदेव म्हणत, आणि दोघांसाठी नवं घर बांधलं होतं. घर कसलं, महालच! आराखडा काढणाऱ्या मुलीने त्यात जीव ओतला होता. उंच जाळीखाली खरी झाडं. दोर मुद्दाम सैल बांधलेले, कारण जंगलातली फांदीही लोंबकळलं की वाकतेच. खाणं शेंड्याला टांगलेल्या पोकळ बांबूंत, म्हणजे दिवसभर हात चालवल्याशिवाय पोट भरायचं नाही. भोवती पाण्याचा खंदक, कारण गिबनला पोहता येत नाही, ते पाण्याच्या वाटेला जात नाहीत. बघणारी माणसं खंदकापलीकडे, सखल जागी, मान वर करून. जुन्या पिंजऱ्यात छकुली कोपऱ्यात बसून स्वतःचे केस उपटायची. इथे आल्यावर ती झाडाच्या टोकाला पोचली, तेव्हा भोंगा सगळ्यांसमोर रडला.

पण दोघं गाईनात. खात होती, झोके घेत होती, एकमेकांच्या अंगातल्या उवा काढत होती. गाण्याचं मात्र नाव नाही.

"सूत जुळलेलं दिसत नाही," संग्रहालयाचे साहेब म्हणाले. "हा महिना वाट बघू. नाहीतर तिला दुसऱ्या संग्रहालयात पाठवू. तिथे एक नर एकटाच आहे."

छकुली जाणार म्हणजे काय! भोंग्याने कंबर कसली. रोज सकाळी खंदकाशी उभा राहून तो जीव तोडून गायला लागला. ऐकून ऐकून तरी पोरगी शिकेल, असा त्याचा हिशोब. ती दोघं पानांत अंग चोरून त्याच्याकडे टकमक बघत राहत.

"ऐकताहेत बरं का!" तो भेटेल त्याला सांगे.

घरी जेवतानाही तेच. त्याची बायको संग्रहालयाच्याच तिकीट खिडकीवर बसायची. बिचारी कधीची काहीतरी सांगू बघत होती.

"मी एक बोलू?"

"बोल की! तुला कोणी अडवलंय? तर आज मी वरचा सूर असा काही लावला..."

"अहो!" तिने डाव आपटला. "लग्न झाल्यापासून या घरात माझं एक वाक्य धड पुरं झालेलं नाही. मी गप्प असते, म्हणजे मला बोलायचं नसतं होय?"

"आता हे काय मध्येच?"

"मध्येच नाही. गिबन गातात म्हणजे काय सांगतात? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"की ही जागा आमची. दुसऱ्याने इकडे फिरकायचं नाही."

"मग तुम्ही रोज सकाळी त्यांच्या दारात उभे राहून काय सांगता?"

भोंग्याला एकदम स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि पानांत अंग चोरून बसलेली ती दोघं दिसली. नवं बिऱ्हाड, आणि दारात हा एवढा मोठा दादा! त्या रात्री तो जेवण होईपर्यंत गप्प होता. बायको मात्र मनसोक्त बोलली.

आराखडेवाल्या मुलीला त्याने हे कबूल केलं, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. "काका, मी ऊन बघितलं, वारा बघितला, गर्दीचा गोंगाटही धरला. तुमचा गळा तेवढा राहून गेला!"

मग भोंगा तोंड मिटून काम करायला लागला. बांबू भरायचा, खंदकातली पानं काढायची, आणि ओठ घट्ट. महिना सरत आला, तशी त्याची झोप उडाली.

आणि एका सकाळी वरून हूक आली. छकुलीची! आधी हलकी, मग चढती. नवरदेवाने मध्येच आपला सूर घातला, दोघांचं थोडं चुकलं, पुन्हा जमलं, आणि मग ती अशी काही किंचाळली, की साहेब चहाचा कप हातात घेऊनच धावत आले.

"आता कुठे पाठवायची नाही हिला," ते म्हणाले.

भोंग्याला हर्षाने नाचावंसं वाटत होतं. गळा नुसता शिवशिवत होता. एक हाक, एकच, पोरीला शाबासकी म्हणून! त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात छकुलीने फांदीवरून खाली वाकून थेट त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सूर चढवला. ही जागा आमची. दुसऱ्याने इकडे फिरकायचं नाही.

दुसऱ्यांत आता तोही होता. काळजात थोडं लागलं, पण लेक सासरी रुळल्यावर बापाला लागतं तेवढंच. त्याने तोंड मिटलं, खंदकापासून मागे मागे सरला, आणि तिकीट काढून आलेल्या लोकांच्या कठड्याशी, मान वर करून, मजेत उभा राहिला.