खळ्यावर मोजायचं नसतं

फौजेनं आपल्या लेकाला, कुंडलिकला, पार बिघडवला, ही धोंडाबाईची तक्रार विंझरच्या बाजारात ज्याला कान होते त्या प्रत्येकानं ऐकली होती. भरती झाला तेव्हा गाईसारखा गरीब पोरगा होता. आता हवालदार होऊन रजेवर यायचा, तो घरात पाऊल टाकायच्या आधी विजेची वायर बघायचा. फौजेत त्याचं काम नव्या पोरांना शिकवायचं होतं: काम करताना जीव कसा सांभाळायचा, कुणाला लागलं तर डॉक्टर येईस्तोवर काय करायचं. शिकवावं की, पगार त्याचाच मिळतो. पण रजेतही त्याची शाळा सुटत नसे. फवारणीच्या औषधाची बाटली त्यानं गोडेतेलाच्या शेजारून उचलून कुलपात टाकली. गॅसची टाकी चुलीपासून लांब नेली. आणि कुठलंही काम काढलं की आधी सगळ्यांना उभं करून विचारायचा, "आज हितं काय बिघडू शकतं? एकेकानं सांगा."

"ऐकलंत का," धोंडाबाई बायकांना सांगायची, "चांगल्या कामाला निघालं की ह्यो आधी वंगाळ बोलून घेतो. आमाला मांजर आडवं जायची गरजच न्हाई. घरातच पाळलंय."

भाताच्या झोडणीच्या दिवशीही तेच झालं. खळं शेणानं सारवून लख्ख केलं होतं. इर्जिकीला, एकमेकांच्या कामाला हात लावायला, वाडीतली दहा-बारा माणसं आली होती. पेंढा न्यायला कापूरहोळचा मतीन टेम्पो घेऊन आला होता आणि बांधावर बसून बिडी ओढत होता. पूजेचं ताट तयार होतं. तेवढ्यात कुंडलिक बूट घालून खळ्यात शिरायला लागला.

"पायतान काढ," धोंडाबाई म्हणाली. "लक्ष्मी हाय ती, तुझं परेड ग्राउंड न्हवं."

माणसं हसली. त्यानं मुकाट्यानं बूट काढले. पण तोंड काही बंद झालं नाही.

"काल कापणीला इळे किती गेले होते? परत किती आले? एखादा भाऱ्यात राहिला असंल तर..."

"गप!" धोंडाबाई कडाडली. "रास पुजल्याबिगर खळ्यावर मोजायचं न्हाई. दाना न्हाई, इळा न्हाई अन् माणूस न्हाई. बरकत जाती. तुझ्या बापानं मोजलं न्हाई, आज्यानं न्हाई, तू कोण लागून गेलास?"

कुंडलिकनं तिच्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सगळ्यांची तोंडं हसरी दिसली, म्हणून मिटलं.

"बरं, आई."

धोंडाबाईला बरं वाटलं. एवढा दांडगा हवालदार, पण आईचा शब्द खाली पडू देत नाही, हे चार माणसांत दिसलं की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

झोडणी रंगात आली. कुंडलिक रचलेल्या उडवीवरून भारे खाली ओढून देत होता. एक भारा घसरला, त्याच्या पायाशी फुटला, आणि तोल सावरायला त्यानं पाऊल नेमकं त्याच्यातच रोवलं.

"लागलं वाटतं," तो म्हणाला. अगदी साधं, काटा लागल्यासारखं.

त्यानं पाय वर घेतला. घोट्याच्या आतल्या बाजूला चामडी उघडली होती आणि रक्त नुसतं वाहत नव्हतं, उडत होतं. थांबून थांबून, छातीच्या ठोक्याबरोबर. पेंढ्यात इळ्याचं पातं चमकत होतं.

धोंडाबाईनं जन्मात रक्त कमी पाहिलं नव्हतं. पण असं उडताना कधी नाही. कानात कुणीतरी कापूस भरल्यासारखं झालं. माणसं ओरडत होती, "हळद आणा", "चुना आणा", कुणी नुसतंच "आरं देवा". कुंडलिक खाली बसला आणि दोन्ही अंगठे जखमेत रोवून म्हणाला, "आई, हिकडं ये."

ती हलेना.

"आई! मला घेरी यायला लागली. माझा हात सुटायच्या आत ये. बाकीच्यांचे हात कापतायत. तू म्हशीचं अडलेलं रेडकू ओढून काढतीस. ये."

ती गेली. त्याच्या अंगठ्यांच्या जागी तिनं अंगठे दिले आणि सगळं अंग त्यांच्यावर टाकलं. गरम रक्त तिच्या बोटांमधून वर आलं. दाबूनही येत राहिलं.

"थांबत न्हाई," कुंडलिक म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "बांधावं लागंल. रखमाजीकाका, मुंडासं द्या. दोरी नको, रुंद कापड पायजे. गुडघ्याच्या वर. मतीन, टेम्पोतला पाना आण."

रखमाजी म्हणजे धोंडाबाईचा चुलतदीर. त्यानं मुंडासं सोडलं. कुंडलिक सांगत गेला. गुडघ्याच्या वर, सांध्यावर नाही, दोन वेढे, गाठ. गाठीवर पाना ठेवायचा, पुन्हा गाठ. आता पाना पिळायचा. धोंडाबाईनं पिळला आणि कुंडलिक असा ओरडला की तिचे हात सुटले.

"पीळ!" तो दात खाऊन म्हणाला. "रगत थांबेस्तोवर पीळ."

तिनं पिळला. पोटच्या पोराला आपल्या हातानं छळतोय असं वाटत होतं, तरी पिळला. रक्ताची चिळकांडी बारीक झाली. मग थांबली. पाना हलू नये म्हणून मतीननं तो चिंधीनं मांडीला बांधला.

"किती वाजले? ते लिहा माझ्या कपाळावर. डॉक्टरला लागंल."

"दहा वीस," मतीन म्हणाला. पेन कुणाकडं नव्हतं. धोंडाबाई दुसरीपर्यंत शिकलेली, आकडे येत होते. पूजेच्या ताटातलं कुंकू रक्तानं ओलं असलेल्या बोटावर घेऊन तिनं लेकाच्या कपाळावर काढलं: १०-२०.

"आता ऐक," कुंडलिकनं तिचं मनगट धरलं. "मला लई दुखंल. मी रडंन, शिव्या दीन, सोड म्हणंन. सोडायचं न्हाई. पाणी मागंन, द्यायचं न्हाई, आपरेशन करावं लागंल. डॉक्टरच सोडंल. कळलं?"

"कळलं."

वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. मतीन म्हणाला, विंझरला लागंल, तितनं रुग्णवाहिकेला विचारू, पण तवर हितं बसून काय? टेम्पोत थोडा पेंढा भरून झाला होता. त्यावर कुंडलिकला आडवा घातला, शेजारी धोंडाबाई आणि रखमाजी बसले. विंझरला फोन लागला. रुग्णवाहिका दुसरीकडं गेलेली, यायला तास लागेल. "मग म्याच नेतो," मतीन म्हणाला आणि त्यानं टेम्पो हाणला.

मार्गासनीच्या आधीच कुंडलिकनं सुरुवात केली.

"आई, सैल कर. जळतंय."

धोंडाबाईनं पाना घट्ट धरून ठेवला.

"थोडं. एक येढा. म्या सांगतोय ना, मला कळतं त्यातलं."

खरंच कळत असेल तर? मघाशी बोलला तो शुद्धीत होता की आत्ता बोलतोय हा? पाऊल बघितलं तर मेणासारखं पिवळट झालं होतं. हात लावला तर गार. मेलेल्या माणसाचं असतं तसं गार. पाय गेला तर फौज गेली. आणि तो घालवला कुणी, तर ह्या हातांनी.

"वैनी," रखमाजी म्हणाला, "पाय पांढरा पडाय लागलाय. आमच्या येळंला घटकाभरानं सोडायचे. म्या जरा..." आणि त्यानं पान्याकडं हात नेला.

"भावजी, हात मागं घ्या."

"आगं पर पोराकडं बघ की!"

"पोराकडंच बघतीय. हात लावलासा तर चालत्या टेम्पोतनं खाली टाकीन. मान ठेवायचा असंल तर हिकडं न बघता बसा."

रखमाजी तोंड फिरवून बसला. त्याचे खांदे हलत होते. भाऱ्यात राहिलेला तो इळा त्याचा होता, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

नसरापूर आलं तेव्हा कुंडलिक शिव्या द्यायचा थांबला होता. ते जास्त वाईट होतं. डोळे अर्धवट, आणि बारीक आवाजात एकच, लहानपणी तापात म्हणायचा तसं, "पाणी... आये, पाणी."

बाटली तिच्या मांडीशीच होती. मरणाऱ्या माणसाला पाणी नाकारणारी आई तिनं ऐकली नव्हती. ह्यानं आत्ता, ह्या वळणावर डोळे मिटले, तर तहानलेला गेला म्हणून सात जन्म आपल्याला घोट उतरणार नाही. तिनं बाटली उघडली. मग तिनं पदराचं टोक भिजवलं, त्याच्या ओठांवरून फिरवलं, आणि उरलेलं सगळं पाणी टेम्पोबाहेर ओतून टाकलं. बाटली जवळ राहिली असती तर तिचा स्वतःवर भरवसा नव्हता.

"मतीन," तिनं काचेवर मूठ मारली, "गाडी चालवतोयस का बैल हाकतोयस?"

हायवेच्या दवाखान्यात डॉक्टरनी पहिलं विचारलं, बांधून किती वेळ झाला. तिनं लेकाच्या कपाळाकडं बोट केलं. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. कुंडलिकला आत नेलं, दार लागलं, आणि मग धोंडाबाई भिंतीला टेकून खाली बसली, ती तिथंच. मांडीवर पडलेले हात अजून पाना धरल्यासारखे वळलेले होते. कुंडलिकची बायको मंगल मागून मिळेल त्या गाडीनं आली, तिनंच ते एकेक बोट करून उघडले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, शीर जोडली, पाय वाचला. पाय वेळेवर आवळून बांधला आणि मधे कुणी सैल केला नाही, म्हणून माणूस वाचला. चार-पाच महिन्यांत उभा राहील.

धोंडाबाईनं त्याच्या तळव्यावर हात ठेवला. ऊन होता. तिनं हात तसाच ठेवला.

"आई," कुंडलिक हसला, "लई घाबरली होतीस का?"

"तुला काय करायचंय?" मग तिनं दाराकडं बघितलं. तिथं रखमाजी मान खाली घालून उभा होता, मतीन होता, मंगल होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "इळं मोजू दिलं न्हाई, ती चूक माजी. वाडीत कुनीबी इचारलं तर म्या सांगीन. पर तुजी चूक माज्याहून मोठी हाय, कुंडलिका. मला ठावं न्हवतं. तुला ठावं व्हतं, अन् आईनं डोळं वटारलं म्हनून गप बसलास. तिकडं एवढ्या पोरांचा जीव तुज्या तोंडावर हाय, अन् तू एका म्हातारीला भितोस? फुडं म्या चुकले, तुजा सायेब चुकला, देव चुकला, तरी बोलायचं. भिऊन गप बसनारा हवालदार मला न्हाई पायजे."