ताईचा वैयक्तिक संवाद

शास्त्रज्ञ जग बदलतात. मी त्यांचे स्वल्पविराम बदलतो. प्राणिशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या कचेरीत गेली बावीस वर्षं मी लेखांच्या संदर्भसूच्या नीट लावतो. आडनाव आधी, आद्याक्षर नंतर, वर्ष कंसात, खंड ठळक, पृष्ठांच्या मध्ये छोटी रेघ. छोटीच्या जागी मोठी रेघ आली तर मला लांबून वास येतो. लग्नाच्या पत्रिकेतही मी नवरानवरीच्या आधी रेघा बघतो.

आमच्या नियमावलीत ‘वैयक्तिक संवाद’ नावाचा एक प्रकार आहे. म्हणजे छापील आधार नाही, पण अमक्याने मला स्वतः सांगितलं. असा संदर्भ सूचीत जात नाही, मजकुरातच कंसात जातो: नाव, ‘वैयक्तिक संवाद’ हे शब्द आणि सांगितल्याची तारीख. सोबत सांगणाऱ्याच्या सहीचं संमतीपत्र. थोडक्यात, माणूस जिवंत हवा. तसं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची वेळ येईल असं कोणाला वाटलं नसावं.

त्या सोमवारी गोगलगायींवरचा एक लेख माझ्याकडे आला. हवा कोरडी पडली की गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पडदा लावून आत झोपते. मेली की झोपली, हे बाहेरून कळत नाही. पाणी दिल्यावर बाहेर आली तर झोपली होती. अशी किती महिने झोपू शकते, हा लेखाचा विषय. लेखक एकच: माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, संशोधनातले मार्गदर्शक सर. लेखातल्या दुसऱ्या तक्त्याखाली एक कंस होता. त्यात आमचं आडनाव, ताईचं आद्याक्षर, ‘वैयक्तिक संवाद’ आणि सोमवारची, म्हणजे त्याच दिवसाची तारीख.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

चूक असणार, मी म्हटलं. शास्त्रज्ञांना युगं कळतात, तारखा कळत नाहीत. फाइल बंद केली. मंगळवारी उघडली तर कंसात मंगळवार. बुधवारी बुधवार.

आमच्याकडे कॉम्प्युटर बघणाऱ्या गृहस्थाला सगळे ‘वैद्य’ म्हणतात, कारण कुठलंही यंत्र बिघडलं की तो ते सोडून माणसालाच तपासतो.

“काय दाबलं होतं?” त्याने विचारलं.

“मी काही दाबलं नाही.”

“मग लेखकाने दाबलंय. अहो, ही आपोआप बदलणारी तारीख आहे. फाइल ज्या दिवशी उघडाल त्या दिवसाची. करू पक्की?”

“नको. राहू दे.”

“राहू दे? तुम्ही म्हणताय? परवा एका टिंबावरून माझ्याशी अबोला धरलात!”

संध्याकाळी चहा पिता पिता मी आईला हे सांगून बसलो. हसण्यावारी नेईन म्हटलं होतं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, पण डोकं खणखणीत. कप बशीत ठेवून तिने विचारलं, “मग? आज काय म्हणाली?”

माझ्या तोंडातून तक्त्यातली पहिलीच ओळ निघाली. “पहिल्या क्रमांकाची गोगलगाय सात महिन्यांनी बाहेर आली, म्हणाली.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तक्ता चौदा ओळींचा होता. मी रोज एक ओळ घरी नेऊ लागलो. सकाळी फाइल उघडायच्या आधी कोणाच्या तरी दाराशी उभं असल्यासारखा मी जरा थांबायचो. आत हालचाल आहे का, याचा कानोसा घेत. मग उघडायचो, आणि ताई आज बोललेली असायची.

नवव्या दिवशी संपादकबाई टेबलाशी आल्या. “एक लेख नऊ दिवस? गोगलगायींचा आहे म्हणून त्यांच्याच चालीने चालायचं का?” मग त्यांना कंस दिसला, कंसातलं आडनाव दिसलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. “तक्ता कोणाचा आहे?”

“तिचाच. सहा वर्षं मोजत होती.”

“संमतीपत्र तर मिळणार नाही. म्हणजे कंस काढायचा. नुसता कंस काढला तर तिचं काम बिननावाचं, सरांच्या खात्यात. तसं नको असेल तर ती लेखिका म्हणून वर गेली पाहिजे. दिवंगत लेखक चालतो आपल्याला. नावापुढे खूण, खाली निधनाची तारीख. सरांना विचारा. शुक्रवारी अंक बंद होतोय.”

मी सरांना फोन लावला. दोन वर्षांचा राग घेऊन लावला.

“सहा वर्षं तिने मोजलं, आणि तुम्ही तिला कंसात कोंबलंत?”

पलीकडे सरांनी टिपटिपणारा नळ घट्ट बंद केला.

“वर घातलं की नावापुढे ती खूण येते,” सर म्हणाले. “नियम मलाही पाठ आहेत. कंसातला माणूस जिवंत असतो.”

“आणि ती तारीख?”

“चुकून पडली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मग काढवेना.”

मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. आपल्या भाषेत त्यांचा तुटवडा नाही. पण एकही चालेना, कारण नऊ दिवस मी दुसरं काय करत होतो?

“शिवाय एकट्याच्या नावावर लेख बरा दिसतो,” मी म्हणालो.

“दिसतो,” सर म्हणाले. “तेही आहे.” मग म्हणाले, “तिचं नाव पहिलं टाका.”

घरच्यांची परवानगी लागते म्हणून आईला विचारलं. तिने चष्मा लावून ती खूण बघितली.

“हे काय?”

“खंजीर म्हणतात याला.”

“नावाला खुपसतात?”

“नावाच्या शेवटी. वरच्या अंगाला.”

आईने चष्मा काढला. मग म्हणाली, “घाल. मला दोन वर्षं खुपतोयच, कागदाला खुपला म्हणून काय होतंय. पोरीचं काम पोरीच्या नावावर पाहिजे.”

मी कंस पुसला. ताईचं नाव पहिलं टाकलं, खूण टाकली, खाली निधनाची तारीख एकेक आकडा दाबून हाताने लिहिली. नंतर फाइल तीनदा बंद करून उघडली. ही तारीख बदलत नव्हती.

शेवटचा मजकूर प्रत्येक लेखकाने वाचून मान्य करायचा असतो. ताईच्या वतीने आई. शुक्रवारी सकाळी मी तिला सबंध लेख वाचून दाखवला. तक्त्यातल्या शेवटच्या पाच ओळी ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“चौदावी, एकोणीस महिने.”

“एकवीस,” आई म्हणाली.

“इथे एकोणीस आहे, आई.”

“चुकलंय मग. एकवीस.”

“तुला कोणी सांगितलं?”

“या घरात तू सोडून कोणी बोलतच नाही, असं वाटतं का तुला?”

चुकीचा आकडा छापणं माझ्या रक्तात नाही. मी तिथूनच सरांना फोन केला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग ताईच्या वहीची पानं उलटल्याचा.

“तुमची ताई गेली तेव्हा चौदावीला एकोणीस महिने झाले होते,” सर सावकाश म्हणाले. “तिच्या अक्षरातला तो शेवटचा आकडा. तोच मी तक्त्यात घेतला. पुढे दोन महिने मी गोगलगायींच्या कपाटाला हात लावला नाही. मग एकदा पाणी घातलं, आणि ती बाहेर आली. खाली पेन्सिलीने एकवीस लिहिलंय. मी लिहिलंय. कोणाला बोललो नव्हतो.” वही मिटल्याचा आवाज आला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

आई चष्म्याच्या काचा पदराने पुसत होती. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मान किंचित एका बाजूला कललेली होती, शेजारी बसलेल्या कोणाचं तरी ऐकताना कलते तशी.

मी फोन ठेवला आणि एकोणीसचे एकवीस केले. दुपारी संपादकबाईंचा शेरा आला: ऐन वेळच्या या दुरुस्तीला आधार काय?

मी ‘मूळ वही’ असं लिहिलं, आणि सरांना विचारून पृष्ठक्रमांकही दिला.