मी, दाराबाहेरचं कुलूप

या मित्रांनो, जरा सरकून बसा. आज एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण उठून जाऊ नका.

मी एक जुनं कुलूप आहे. सात लिव्हरचं, पितळी, मुठीएवढं. शाळा-बिळा काही झाली नाही माझी, त्यामुळं बोलणं ओबडधोबड. चालवून घ्या.

ज्या म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं तो मोठा नादिष्ट. किल्ली फिरवून खट्ट आवाज ऐकला आणि म्हणाला, "जा लेका, चोरांना रडव!" पहिली बारा वर्षं मी तेच केलं. भांड्यांच्या एका दुकानाला होतो. दुकानवाली बाई घरी जाताना मला दोनदा ओढून बघायची, थोपटायची. दोनदा चोर आले, घाम पुसत परत गेले. काय ऐट होती माझी!

पुढं दुकान मोडलं आणि मी भंगारात गेलो. तिथून मला एका मुकादमानं उचललं. त्याचा शर्टांचा कारखाना. कारखाना कसला, गल्लीच्या टोकाची एक लांब खोली. अकरा मशिनी, एक पंखा, खिडकीला फळ्या ठोकलेल्या. सकाळी तो दार उघडायचा, कापलेल्या कापडाचे गठ्ठे आणि पाव आत टाकायचा, शिवलेला माल बाहेर काढायचा, आणि मला लावायचा. बाहेरून.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गडी चुकला. अरे, आत माणसं राहिली की! पण रोजच तसं व्हायला लागलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. इथं चोर बाहेर नव्हता. किल्ली ज्याच्या खिशात, तोच चोर.

आत अकरा बायका-मुली. दाराजवळ बसणारी शर्टाला काजं करायची, म्हणून सगळ्या तिला काजवाली म्हणायच्या. शेजारी तिची धाकटी बहीण बटणं लावायची. ओळखीच्याच एका मावशीनं दोघींना आणलेलं. "शिवणकाम शिकाल, दर महिन्याला घरी याल," म्हणाली होती. आल्या दिवशी मुकादमानं कागदपत्रं घेतली, जपून ठेवतो म्हणून. ती जपली ती जपलीच. वर दम दिला, "कोणी दार वाजवलं तर चिडीचूप. तुमच्याकडं कागद नाहीत, पोलीस तुम्हालाच आत टाकतील."

त्यावर धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मग आत्ता आपण बाहेर आहोत का गं?"

"गप. बटण उलटं लावलंयस," काजवाली म्हणाली, पण हसली.

दोन वर्षं गेली. मग धाकटीला ताप आला, छाती भरली. काजवालीनं मुकादमाचे पाय धरले. "दादा, तिला डॉक्टरकडं न्या. मी इथंच बसते, कुठं जात नाही."

"उद्या बघू."

असे पाच उद्या झाले.

सहाव्या दिवशी दुपारी गल्लीत सरकारी जीप आली. मित्रांनो, तेव्हा सरकारनं नवा कायदा केला होता. माणसांना फसवून आणणाऱ्यांना, डांबून राबवणाऱ्यांना पकडायचं. त्यासाठी साहेब नेमले, फायली केल्या, कागद छापले. जीपमधून तपासणीचे साहेब उतरले. मागून म्हातारा शिपाई, हातात खळीचा डबा. माझे सातही लिव्हर थरथरले.

साहेबांनी मला पाहिलं. "कुलूप आहे. लिहा, कारखाना बंद."

शिपायानं माझ्यावरून बोट फिरवलं. "साहेब, बंद कसला? भोकाला ताजं तेल आहे. गंज नाही, धूळ नाही."

"तुम्ही शिपाई आहात की लोहार?"

"बाप लोहार होता, साहेब."

"मग बापाला सांगा. अजून नऊ ठिकाणं बघायची आहेत. तो कागद चिकटवा आणि चला."

आत मशिनी थांबल्या होत्या. धाकटीला खोकल्याची उबळ आली आणि मध्येच दबली. शिपायानं माझ्या डोक्यावर कागद चिकटवला, 'तुम्हाला कोणी डांबून ठेवलं आहे का? या नंबरवर फोन करा.' दाराच्या बाहेरच्या बाजूला! जीप गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोकला थांबला. मला वेड्याला आधी बरंच वाटलं. मग काजवालीचा आवाज आला, "ऊठ गं. ऊठ ना. बटणं राहिलीत."

त्याच दुपारी शिपाईकाका एकटाच परत आला. त्या ताज्या तेलानं त्याला चैन पडू दिलं नव्हतं. त्यानं दार वाजवलं. "आत कोण आहे का?"

उत्तर नाही. तो गेला नाही. पायरीवर बसला. "मी बसलोय हो. घाई नाही. रजा टाकून आलोय."

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "आहोत."

"किती जणी?"

"अकरा होतो."

काकानं करवत आणून माझा दांडा कापला तेव्हा दुखलं नाही मला. आधीच कापायला हवा होता.

आता मी मुद्देमाल आहे. म्हणजे गुन्ह्याचा पुरावा. कापडात बांधून, लाख लावून कोर्टाच्या कपाटात पडलोय. मावशी सापडली नाही. साहेबांची बदली झाली. मुकादम जामिनावर सुटला. त्याचा वकील म्हणतो, कुलूप मुलींच्या सुरक्षेसाठी होतं. दहा जणींना सरकारी निवाऱ्यात ठेवलंय. "तिथंही बाहेरून कुलूपच लावतात," काजवाली कोर्टात म्हणाली. "लावणाऱ्या बाई चांगल्या आहेत, एवढंच." जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं, मग पुढची तारीख दिली.

दर तारखेला मला बाहेर काढतात आणि काजवाली माझ्याकडं बघते. एकदा तिनं सांगितलं, "साहेब आले तेव्हा तिचं तोंड मीच दाबलं होतं. पोलिसांच्या भीतीनं. दाबलं नसतं तर बाहेर ऐकू गेलं असतं." मला ओरडावंसं वाटलं, बाई, तुझा हात नव्हता तो, त्या मुकादमाच्या दमाचा होता. पण कुलपाचं कोण ऐकतं?

तुम्ही ऐकताय, म्हणून मागतो. बाहेरून कुलूप आणि आत माणसाची चाहूल, असं दार कुठं दिसलं तर पुढं जाऊ नका. घरातल्या मोठ्या माणसाला हाताला धरून आणा. त्यांना म्हणावं, दार वाजवा, विचारा, आत कोण आहे का. आणि विचारल्यावर लगेच निघू नका रे बाबांनो. पायरीवर जरा बसा.