कोळंबी नाही, नुसता रस

फिएस्टाच्या, म्हणजे जत्रेच्या दिवशी, रोहाससारख्या समुद्रकाठच्या गावात कोळंबीपासून लांब राहायचं म्हणजे समुद्रात शिरून कोरडं राहायचं. तरी ज्युवी सकाळपासून लेकाच्या, चार वर्षांच्या एमिलच्या मागे सावलीसारखी होती. गेल्या वर्षी एकाच कोळंबीने त्याचे ओठ सुजले, श्वास अडकला, नि दवाखान्यातल्या इंजेक्शनवर निभावलं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सासरच्यांनी फोनवर ऐकलं होतं.

"माझ्या राजासाठी वेगळा पान्सित!" सासूबाईंनी, नानाय पासिंगनी, नूडल्सची बशी एमिलपुढे ठेवली. "कोळंबीचा तुकडा नाही हो त्यात."

तुकडा नव्हता; वास होता. ज्युवीने बशी झटकन ओढली. "नानाय, यात रस कसला?"

"डोकी ठेचून काढलेला. त्याशिवाय चव कुठली? पण कोळंबी नाही, शपथ!"

"नानाय, रस म्हणजे कोळंबीच!"

"एवढ्याशाने काय होतंय? मलाही अॅलर्जी आहे दुधाची. आईस्क्रीम खाल्लं की पोटात बँड वाजतो. सोडलं का मी खायचं?"

"आधी गोळी, मग खेकडा," थोरले दीर, मानोंग नोनोय, नांगी फोडत म्हणाले. मानेवर गांधी उठल्या होत्या, पण तोंड चालूच. "पोरालाही अर्धी दे."

ज्युवीचा आवाज चढला. "नानाय, तुम्हाला दूध पचत नाही, एवढंच. घोटभर चालतं. जास्त झालं की वारा सरतो."

"हळू बोल गं, पाहुणे आहेत!"

"एमिलचं पोट बिघडत नाही. त्याचं अख्खं अंग कोळंबीला दरोडेखोर समजून तुटून पडतं, नि त्या मारामारीत घरच मोडतं. थेंबही पुरतो. आणि मानोंग, गोळीने खाज थांबते. आवळलेला गळा उघडत नाही."

नोनोयच्या हातातली नांगी थांबली. "मागच्या फिएस्टाला माझी जीभ जाड झाली होती थोडी," ते खाली बघत म्हणाले.

"मग तेव्हा बोलला का नाहीस, मेल्या?" नानाय ओरडल्या.

"बोलताच येत नव्हतं."

नानायनी खेकड्यांची परात त्यांच्यापुढून उचलली. मग पान्सितच्या बशीकडे बघत उभ्या राहिल्या. पहाटेपासून डोकी ठेचून त्यांची बोटं केशरी झाली होती. दुखावलं म्हातारीला, ज्युवीला वाटलं.

"पळी तीच फिरवली तर?" नानायनी विचारलं.

"तरीही."

नानायनी हात कोपरापर्यंत घासून धुतले, कोरं पातेलं काढलं, कोंबडी उकळायला टाकली नि शेगडीपुढे ठाण मांडलं. डोकावायला आलेल्या चर्चच्या फादरनाही त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं: "काय खाऊन आलात? मग बाहेर!"

एमिल पोटभर जेवला. ज्युवीने हुश्श केलं, दिवसभरात पहिल्यांदाच दोन कोळंब्या तोंडात टाकल्या नि लेकाचा मुका घ्यायला वाकली.

मध्ये पळी आडवी आली.

"आधी तोंड धू," नानाय म्हणाल्या. "साबणाने. एवढी शिकलीस ना?"