आर्गनच्या बाटलीतलं करडईचं तेल

अहमदपुरात सकाळी कुणाच्या घरी दूध नासलं तर दुपारपर्यंत मोंढ्यात कळतं. अशा गावात शिवम मेल्याची गोष्ट त्याच्या सख्ख्या आईपासून अकरा महिने लपून राहिली, यावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवणार नाही. पण गल्लीनं एकदा मनावर घेतलं की ती काय वाट्टेल ते करते. शिवमच्या आईच्या, म्हणजे गुरम्माकाकूंच्या हृदयात नांदेडच्या दवाखान्यात स्प्रिंग बसवून आणली, त्याच्या सहाव्याच दिवशी दुबईहून फोन आला. रस्ता ओलांडताना शिवमला गाडीनं उडवलं होतं. धक्का बसला तर काकू जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. मग काकूंचे दीर रामलिंग यांनी घरोघर फिरून दम भरला, की वहिनीसमोर कुणी तोंड उघडलं तर याद राखा. काकूंना सांगितलं, शिवमला कंपनीनं समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर पाठवलंय, तिथं फोन लागत नाही.

आणि शिवमची बायको पुनम, वय सव्वीस, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरवा चुडा घालून सासूसमोर वावरत राहिली. तिच्या मनाचं काय होत असेल हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना म्हातारीच्या हृदयाची काळजी लागलेली.

या नाटकात सुकन्याच्या वाट्याला तेलाचं काम आलं. एसटी स्टँडमागच्या गल्लीत तिचं ब्यूटी पार्लर. एक खोली, दोन खुर्च्या, वाफेचं मशीन आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. काकू दर गुरुवारी अकराच्या सुमाराला यायच्या, स्वतःची बाटली पिशवीत घेऊन. दुबईला शिवमच्या खोलीवर मोरोक्कोचा एक जोडीदार होता. त्याच्या मुलखात आर्गन नावाचं काटेरी झाड असतं, त्याच्या बियांचं हे तेल. गावाकडं येणाऱ्या कुणाच्याही बॅगेत शिवम एक बाटली कोंबायचा. पहिल्या वेळी सुकन्यानं नाक मुरडलं होतं, कारण त्या तेलाला भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि त्याआडून किंचित शेळीचा वास यायचा. पण गुण आला हे कबूल करायला हवं. दोन-तीन थेंब तळहातावर चोळून केसांच्या टोकांपर्यंत फिरवायचे, उरलेलं कोपरांना आणि टाचांना. काकूंचे केरसुणीसारखे केस मऊ पडले. टाचांच्या भेगा भरून आल्या तेव्हा तर काकू चपला काढून गल्लीभर टाचा दाखवत हिंडल्या.

शिवम गेल्यावर शेवटची बाटली दोन महिन्यांत संपली. पुनम रडवेली होऊन आली. "ताई, आता काय करायचं? आत्याबाई इचारतेत, पोरगा तेल धाडायचं इसरला का." सुकन्याला पोरीची दया आली. तिनं रिकाम्या बाटलीत लाकडी घाण्याचं करडईचं तेल भरलं, बदामाच्या इसेन्सचे दोन थेंब टाकले आणि बाटली पुनमच्या हाती दिली. काकूंनी ती हुंगली आणि डोळ्यांना लावली. त्या गुरुवारी काकूंच्या डोक्याला तेल लावताना सुकन्यानं आरशात बघायचं टाळलं. पुढे सवय झाली. बाटली संपली की भरून द्यायची, एवढंच.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तिनं काकूंचा अंबाडा सोडला आणि तिचा हात जागीच थांबला. बाटली अजून पिशवीत होती, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आणि काकूंच्या केसांतून शेंगदाण्याचा आणि शेळीचा वास येत होता. तिनं बोटं फिरवून पाहिली. मुळांशी तेल ताजं होतं, नुकतंच मुरायला लागलेलं.

"काकू, घरी कुणी तेल लावलं का?"

"लावलं."

"कुणी?"

"लावणाऱ्यानं," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या.

पुनमला जुनी एखादी बाटली सापडली असेल, असं सुकन्यानं धरलं. पुढच्या गुरुवारी तोच प्रकार, त्याच्या पुढच्याही. शेवटी तिनं पुनमला बाजूला घेऊन खोदून विचारलं. पुनमचा चेहरा उतरला.

"म्या न्हाई लावत ताई, शप्पत. सकाळी लिंगपूजा झाली की आत्याबाई आतल्या खोलीत बसतेत, दार लोटून. अर्ध्या तासानं भाईर येतेत तवा डोस्कं चोपडलेलं असतंय." तिनं आवाज उतरवला. "म्या एकदा फटीतून बघितलं."

"काय बघितलंस?"

"एकट्याच व्हत्या. दोनी हात मांडीवर. पर केस हालायलते."

सुकन्या हसली. वारा असेल, पंखा असेल, असं काहीबाही म्हणाली. पण त्या दिवसापासून काकूंच्या डोक्याला हात लावायच्या आधी ती नकळत आपले तळहात एकमेकांवर घासून गरम करून घेऊ लागली.

त्यातच पुनमच्या भावानं स्थळ आणलं. इस्लापूरकडचा शाळामास्तर, पहिली बायको वारलेली, पदरात चार वर्षांची मुलगी. दोनदा भेट झाली होती. त्याच्याबद्दल सांगताना पुनम खाली बघत होती, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या गालांवर रंग चढलेला सुकन्यानं पाहिला. मास्तर सोमवारपर्यंत थांबणार होता, मग त्याच्या घरचे दुसरीकडे बोलणी करणार होते. रामलिंगनी साफ सांगितलं, वहिनी हाय तोवर या घरात असल्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. पुनमनं सुकन्याचा हात गच्च धरला.

"तुमीच सांगा ताई. तुमच्या हाताखाली त्या शांत असतेत. कपाळाला कुंकू लावून म्या कुठल्या तोंडानं सांगू, की त्यो गेला म्हणून?"

सुकन्यानं दोन रात्री विचार केला. काकूंची तब्येत आता ठणठणीत होती, असं डॉक्टरच म्हणत होते. कधीतरी कुणीतरी सांगायचंच होतं. तिनं ठरवलं, येत्या गुरुवारी सांगून मोकळं व्हायचं, आणि काही झालंच तर दवाखान्यात न्यायला म्हणून ओळखीच्या ऑटोवाल्याला गल्लीच्या तोंडाशी थांबायला सांगून ठेवलं.

त्या गुरुवारी काकूंना आत सोडून पुनम बाहेर पायरीवर बसली. सुकन्यानं पडदा ओढला, काकूंना आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि अंबाडा सोडला. वास आलाच. बाहेर भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा बटाट्याचा भाव ओरडत होता.

"काकू, एक सांगायचं होतं."

"नगं सांगू."

सुकन्यानं ऐकलं न ऐकलं करत केसांत बोटं घातली.

"तू काय सांगणार हायस ते ठावं हाय मला. तू बाटलीतलं तेल बदललंस तवाच उमजलं. करडईच्या रानात जल्म गेला माजा. मला करडई वळखू येत न्हाई व्हय?"

सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके महिने ती, रामलिंग, अख्खी गल्ली ज्या बाईला फसवत होती, ती बाईच या सगळ्यांना सांभाळून घेत होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की पुनमचं कुंकू पुसतेत. बांगड्या फोडतेत. पोर हिरव्या चुड्यात बरी दिसती." काकू आरशात न बघता बोलत होत्या. "आन् दुसरं म्हंजे, त्यो यायलाय. रोज सकाळी. मागून, पार भुईवरनं हात वर येतेत. गार असतेत, पर त्याचेच. म्या वळून बघत न्हाई. एक डाव शेजारची धुरपताबाई बोलता बोलता बोलून गेली, लगीच जीभ चावली तिनं. तर चार दिवस आला न्हाई. कुणी तोंडानं म्हणलं की येत न्हाई त्यो. म्हणून म्हणते पोरी, नगं सांगू."

सुकन्याची बोटं अजून त्यांच्या केसांतच होती. तेवढ्यात तिच्या बोटांखाली काहीतरी हललं.

तिच्या हातांखाली, काकूंच्या टाळूवर, दुसरी बोटं होती. गार, तेलानं ओली, जाड पेरांची. त्यांना कसली घाई नव्हती. एकेक बट सोडवत ती मुळाकडून टोकाकडं चालली होती, आणि सुकन्याचे हात त्यांच्यावर पालथे पडून त्यांच्याबरोबर सरकत होते. आरशात मात्र तिचेच दोन हात दिसत होते. किंकाळी अगदी ओठांपर्यंत आली, पण किंचाळली असती तर पायरीवरची पुनम आत आली असती. तिनं दात आवळले. त्या बोटांचा जिव्हाळा तिला कळत होता, आणि त्यानंच तिला रडू येत होतं.

सुकन्या आता बोलली नसती तर हे असंच चालू राहिलं असतं. आईला पोरगा मिळत राहिला असता आणि पुनम हिरव्या चुड्यात म्हातारी झाली असती.

"काकू," ती कशीबशी म्हणाली, "पुनमला स्थळ आलंय."

टाळूवरची बोटं थांबली.

"मास्तर आहे. इस्लापूरकडचा. सोमवारपर्यंत थांबणार आहे."

"पितो का?"

"नाही."

"पुनमच्या मनात हाय?"

"आहे काकू. खूप आहे."

भोंगा गल्लीच्या टोकाला गेला, वळला, ऐकू येईनासा झाला.

"मग सांग," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांग. म्याच इचारलं म्हणून सांगितलं, असं रामलिंगला म्हण." सुकन्यानं तोंड उघडलं तसा त्यांनी घाईघाईनं हात वर केला. "थांब. जरा दम धर. त्याला माजा भांग पाडून होऊ दे."

सुकन्या थांबली. बोटं पुन्हा चालू लागली, आधीपेक्षा हळू. कपाळापासून मागं एक रेघ सरकत गेली, केस दोन बाजूंना पडले, एक चुकार बट कानामागं बसली. मग दोन्ही तळहात काकूंच्या डोक्यावर टेकले आणि तिथंच राहिले. काकूंनी डोळे मिटले.

"सांग आता."

"काकू, शिवम गेला. दुबईत, रस्त्यावर. अकरा महिने झाले."

तिच्या हातांखालचे हात निघून गेले. ते जाताना तिला स्पष्ट कळलं. आता तिच्या बोटांत नुसते केस होते, राठ आणि कोरडे, जणू महिनोन्‌महिने तेल लागलेलंच नाही असे. वासही राहिला नाही.

काकूंनी छातीला हात लावला नाही की हंबरडा फोडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"कुठं हाय त्यो?"

"देगलूरला. पुनमच्या माहेरच्या शेतात."

"नीट बसवला व्हता न्हवं?"

लिंगायतांत माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, तळहातावर लिंग ठेवून मातीत बसवतात. पण शिवम हैदराबादच्या विमानतळावर उतरला तो पत्र्याच्या बंद पेटीत. पेटी उघडायची नाही असं कागदावर लिहिलेलं होतं. रामलिंग घाबरले आणि पेटी तशीच, लांबच्या लांब, खड्ड्यात उतरवली. हे पुनमनं सुकन्याला हुंदके देत सांगितलं होतं आणि कुणाला सांगू नका म्हणून गळ घातली होती. आता खोटं बोलायचं संपलं, असं सुकन्याला आत्ता कुठं वाटलं होतं. पण समोर बसलेल्या बाईकडं बघून तिचं धाडस झालं नाही.

"हो काकू," ती म्हणाली. "मांडी घालून बसवलं. स्वामींनी सगळं रीतीप्रमाणं केलं."

काकू पहिल्यांदा आरशात बघून, सुकन्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलल्या.

"मग पोरी, त्यो माज्याकडं रोज भुईवर आडवा पडूनच का यायचा?"

काकूंनी खुर्चीचे दांडे धरले आणि कुणाचा आधार न घेता त्या उठल्या.

"पुनमला आत बोलाव," त्या म्हणाल्या. "आन् रामलिंगला फोन लाव. म्हणावं, टिकाव-खोरं घे आन् गाडी काढ. पोराला बसवून यायचं हाय."