प्रश्न सात : स्वतःचं जेवण स्वतः करता का?

अर्जदार : ओरेस्ट ह्नाट्युक. वय चव्वेचाळीस. अल्बर्टा.

अर्ज लिहिणारी : बहीण दारिया. म्हणजे मी.

कशासाठी : दरमहा अपंग भत्ता आणि औषधं. औषधं मुख्य. मज्जातंतूंच्या आजारावरचं त्याचं इंजेक्शन शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या पगारात बसत नाही. ते थांबलं की पाय गेले तसे हातही जाणार.

प्रश्न सात, पहिलं उत्तर : नाही.

एवढं पुरलं असतं. पण ऑफिसातून एक बाई घरी तपासणीला येणार होत्या.

"ताई, पिरोही कर. पाहुणी उपाशी गेली तर आई वरून शिव्या घालेल."

"पाहुणी नाही रे, तपासायला येतेय."

"उंबरा ओलांडला की पाहुणीच."

मी पीठ मळलं, लाटलं, बटाटा भरला. त्यानं हट्टानं तीन पिरोहींच्या कडा दाबल्या. तिन्ही उकळत्या पाण्यात फुटल्या.

बाईंनी सहा खाल्ल्या. "कुणी केल्यात?"

"मी," ओरेस्ट म्हणाला. "म्हणून तर लग्न होत नाही माझं. बायका घाबरतात, घरात त्यांना कामच उरायचं नाही!"

बाई हसल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

परक्या माणसासमोर भावाला खोटं पाडायचं?

"आंबट साय घ्या ना अजून," मी म्हटलं.

"बाकी तब्येत कशी आहे?"

"तक्रार नाही," ओरेस्ट म्हणाला. आमच्याकडे मरणाऱ्यालाही विचारलं तर तोसुद्धा हेच सांगतो.

निकाल : अर्जदार स्वतः स्वयंपाक करतो. नामंजूर.

"तू गप्प का बसलीस?"

"तू खोटं का बोललास?"

(दोन्ही रकाने कोरे.)

जानेवारीचं इंजेक्शन चुकलं. फेब्रुवारीचंही.

अपील. प्रश्न सात, सविस्तर. सूचना : मजकूर अर्जदाराला वाचून दाखवावा.

वाचलं. शर्टाचं बटण लावता येत नाही. चमचा दोन्ही हातांनी धरतो, तरी सांडतो. चूल पेटवत नाही, कारण बोटांना चटका कळत नाही. लघवी आवरत नाही.

तो खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होता. एकदाही "असं काही नाही" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

"संपलं?"

"संपलं. सही कर."

"अजून एक लिही. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडलो होतो. चार तास तिथंच. तुझा फोन येत होता, रिंग ऐकू येत होती."

"तू तर म्हणालास झोप लागली होती."

"लिही ना, ताई."

"कुठल्या प्रश्नाखाली लिहू?"

"जागा असेल तिथं."

जागा नव्हती. मी पान उलटलं.

"अजून आहेत," तो म्हणाला. "सांगू?"