दिवाणाची पापणी

मानवाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे घोड्याच्या फुप्फुसांचा इतिहास, असं ठाण्याहून आलेले जनावरांचे डॉक्टर हरिहरराव कल्याणच्या टांगा-अड्ड्यावर म्हणाले. मानवातर्फे तिथे एकटा दौलत टांगेवाला हजर होता, आणि त्याचा घोडा खोकत असल्यामुळे त्याला ते नीट ऐकू आलं नाही.

घोड्याचं नाव दिवाण. मागच्या थंडीत अड्ड्यावरचे सगळेच घोडे एकदम खोकायला लागलेले. बाकीचे बरे झाले. दिवाणाचा खोकला मुक्कामाला राहिला. हा कुठल्याशा विषाणूचा प्रताप, असं हरिहररावांचं मत. तो इतका बारीक की सूक्ष्मदर्शकालाही दिसायचा नाही. विलायतेत काही जणांना त्याचा संशय आहे आणि इकडे मला, असं ते नम्रपणे सांगत. पण दिवाणाचं नाकही गळत होतं, तेव्हा आधी ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा तो जीवघेणा साथीचा रोग, नाही ना, हे बघणं भाग होतं. तो रोग माणसालाही लागतो आणि त्यावर कायद्याने एकच इलाज सांगितलाय : गोळी. पोटात घ्यायची नव्हे.

परवा त्यांनी दिवाणाच्या डाव्या पापणीत तपासणीच्या औषधाची सुई टोचली होती. आज पापणी सुजलेली निघाली, तर रोग आहे. निकाल बघायला ते आले ते बंदूकवाला शिपाई घेऊन. हा आपला सोबतीला, असं म्हणाले. दौलतने शिपायाला चहा विचारला. मग बंदुकीकडे बघून पुन्हा विचारला.

तबेल्याचं दार उघडलं आणि धुराचा लोट अंगावर आला. दौलतच्या बायकोने, सगुणाने, नुकतीच दिवाणाची दृष्ट काढली होती आणि ओवाळलेल्या मिरच्या निखाऱ्यांवर टाकून घमेलं त्याच्यापुढेच ठेवलं होतं. दिवाण खोकला, दौलत खोकला, शिपाई खोकला, डॉक्टर तर भिंत धरून खोकले. कुठलाही विषाणू इतक्या झटपट पसरला नसता.

दिवाणाचे दोन्ही डोळे लालभडक झालेले, आणि डावी बाजू तो खांबाला घासत होता.

"सुजलीय," शिपाई म्हणाला आणि त्याने खांद्यावरची बंदूक उतरवली.

"ती मिरची आहे हो," सगुणा म्हणाली.

"कायद्यात मिरची नाही, बाई."

हरिहररावांनी घोडा उघड्यावर आणवला, डोळे गार पाण्याने धुतले आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. सावली सरकली तसा शिपाईही सावलीबरोबर सरकला, बंदुकीसकट. दौलत दिवाणाच्या मानेवर हात ठेवून दुसरीकडेच बघत राहिला. अखेर डॉक्टरांनी उजवी पापणी चाचपली, मग डावी. परत उजवी. डावीवर अंगठा बराच वेळ राहिला.

"दोन्ही सारख्या. ग्लँडर्स नाही. जुना दमा आहे."

दौलतने शिपायाला तिसऱ्यांदा चहा विचारला.

मग हरिहररावांनी पथ्य सांगितलं. दमा जायचा नाही, पण सांभाळला तर जनावर जगेल. धुराजवळ उभं करू नका. धुळीत नेऊ नका. भिजवलेलं, मऊ खायला द्या. ओझं अजिबात नको. दिवसभर मोकळ्या हवेत ठेवा, आणि दम लागला की कुणी ओरडायचं नाही.

सगुणा पदराने डोळे पुसत लक्षपूर्वक ऐकत होती.

"डॉक्टरसाहेब, एवढं कागदावर लिहून द्या की," ती म्हणाली. "नाव तेवढं माझं घाला."